तालात लागलेली उचकी

१

काशीनाथ कोसळले तेव्हा स्वयंपाकघरात तिघीजणी होत्या, आणि तिघींनी तीन वेगवेगळ्या गोष्टी पाहिल्या.

सून सोनल इंडक्शनच्या शेगडीवर दूध तापवत होती. तिने पाहिलं ते असं : दाराच्या चौकटीला टेकून चहा पीत उभ्या असलेल्या सासऱ्यांचा डावा हात खांद्यापासून एकदम उडाला, कपबशी फरशीवर फुटली आणि मग ते खाली बसता बसता आडवे झाले. काशीनाथांची धाकटी बहीण जमना महालक्ष्मीच्या जत्रेसाठी वेवजीहून माहेरी आली होती. ती पाटावर बसून भाजी निवडत होती. तिने पाहिलं ते निराळंच. सोनलने शेगडीचं बटण दाबलं, लाल आकडे पेटले आणि त्याच क्षणी दादा पडला.

मनोरमाबाईंनी ना हात पाहिला ना शेगडी. त्यांनी फक्त नवऱ्याचा चेहरा पाहिला. त्यावरचा रंग बघता बघता उतरला होता. त्यांनी धावत जाऊन त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मनगट धरलं. नाडी लागली, पण कशी? एक ठोका, आणि मग इतका वेळ काहीच नाही की पुढचा ठोका आता येत नाही असंच बाईंना वाटलं. मग तो आला.

"अहो! ऐकताय ना?"

काशीनाथांनी डोळे उघडले. "कप फुटला का?" ते म्हणाले. "नव्या सेटमधला होता."

बाईंना रडू आणि हसू एकदमच आलं.

काशीनाथ डहाणू रोड स्टेशनातून सहायक स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचे ठोके फार मंदावले, म्हणून दिवाळीनंतर वापीच्या एका इस्पितळात त्यांना पेसमेकर बसवला. डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षा जरासं मोठं ते यंत्र. त्यातून निघालेली एक वायर शिरेतून थेट हृदयात गेलेली. हृदय आळसावलं की वायरीतून विजेचा बारीकसा ठोसा द्यायचा, एवढंच त्याचं काम. घरात सगळे त्याला 'मशीन' म्हणत.

मग मशीन असताना माणूस कोसळतोच कसा?

"त्या शेगडीनं केलं!" जमना किंचाळली. "विजेची शेगडी, विजेचं मशीन. मी आल्या दिवसापासून सांगतेय, ही ब्याद घरात नको. पण नव्या सुनेला कोण बोलणार? माहेरून आलीय ना, शेगडी!"

सोनलने शेगडीचा प्लग काढला.

स्टेशनसमोरच्या डॉक्टर नीलम यांच्या छोट्या रुग्णालयात रिक्षाने पोचायला वेळ लागला नाही. त्यांनी काशीनाथांना झोपवलं, छातीला तारा लावल्या, हृदयाचा आलेख काढला आणि तो हातात घेऊन बाईंना बाहेर बोलावलं.

"बाई, मशीन ठोका देतंय. आलेखावर त्याची खूण दिसतेय. पण हृदय त्याला ओ देत नाहीये. कारण इथे सांगता येणार नाही. बॅटरी असेल, वायर असेल, आणखी काही असेल. यांना आजच वापीला न्यायचं. तिथली अँब्युलन्स मी मागवलीय, सोबत हृदयाच्या उपचारांचं सामान घेऊन येईल. तोवर यांना मी नजरेआड करत नाही. एक्स-रेवाल्यालाही निरोप दिलाय."

"मी काय करू?"

"घरी जाऊन फाइल आणि कपडे आणा. आणि एक करा. तिथले डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, काय काय झालं, कधीपासून, कशाजवळ असताना. घरच्यांना एकेकाला विचारून ठेवा. लहानसहान वाटेल तेही सोडू नका."

जमनाला भावाच्या उशाशी बसवून बाई घरी आल्या. दारातच पाऊल थबकलं. उंबऱ्याशी सोनलची बॅग भरून ठेवलेली होती.

२

"हे काय?"

"मी उंबरगावला जाते, मम्मी." सोनल खाली बघत म्हणाली. तिचं माहेर उंबरगावचं, मराठी बोलता बोलता तिच्या स्वरात गुजराती हेल यायचा. "आत्या बोलल्या ते खरं असेल तर? पप्पांना माझ्या शेगडीनं काही झालं असेल तर मी या घरात तोंड कसं दाखवू?"

मनोरमाबाई तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. उधव्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं होतं. फुटलेल्या चंचुपात्रापासून चोरीला गेलेल्या डब्यापर्यंत शेकडो तपास त्यांच्या वर्गात झाले होते, आणि आधीच निकाल लावून मग पुरावा शोधायचा, हे त्यांनी एकदाही चालू दिलं नव्हतं.

"तू गेलीस तर माझी मुख्य साक्षीदार गेली," त्या म्हणाल्या. "कप पडायच्या आधी हात उडाला, असं मघाशी म्हणालीस; ते पाहिलेली तू एकटीच. आणि पडले तेव्हा ते शेगडीपासून किती लांब होते?"

"दारात. शेगडी तर त्या भिंतीला."

"म्हणजे अख्खं स्वयंपाकघर मध्ये. अशी शेगडी मशीनच्या अगदी जवळ न्यायची नाही, हातभर लांब ठेवायची, असं वापीच्या डॉक्टरांनी सांगितलंय. ते तर तिच्या वाऱ्यालाही नव्हते. बरं, शेगडी घरात आली कधी?"

"होळीला. माझा भाऊ घेऊन आला ना."

"आणि त्यांना पहिल्यांदा काही झालं ते कधी? आठव."

सोनलने कपाळाला आठ्या घातल्या. "तसं तर काहीच नाही झालं. फक्त उचकी. शिवरात्रीला. पप्पांनी उपासाचं काही खाल्लं आणि उचकी लागली ती थांबेचना. मी म्हटलं, कोणीतरी आठवण काढतंय. तर पप्पा म्हणाले, आठवण काढणारी तर समोर बसलीय, मग उगाच उचकी कशाला?"

बाईंच्या चेहऱ्यावर नकळत हसू आलं. मग ते मावळलं. शिवरात्र आधी, होळी नंतर. उचकीचा या प्रकरणाशी काही संबंध असेल तर शेगडी निर्दोष होती. पण उचकीचा संबंध असेलच कशावरून?

त्यांनी डोळे मिटून ती दुपार पुन्हा समोर आणली. काशीनाथ झोपाळ्यावर बसलेले. घशातून आवाज असा नव्हताच. पोट उडत होतं, बरगडीखाली, डाव्या अंगाला. आणि ते गंमत म्हणून म्हणाले होते, "मनो, बघ, मी घड्याळ झालोय." भिंतीवरच्या घड्याळाचा काटा टक् म्हणे आणि यांचं पोट उडे. टक्, उडे. टक्, उडे. सगळे हसले होते. बाईही हसल्या होत्या.

आता त्यांनी भिंतीवरच्या त्याच घड्याळाकडे पाहिलं. उचकी कधी तालात लागते का? एक लागते, मग बराच वेळ नाही, मग दोन लागोपाठ. माणसाची उचकी लहरी असते. तालात चालतं ते यंत्र.

"सोनल," त्या उठत म्हणाल्या, "बॅग उघड आणि त्यात यांचे शर्ट भर. तू आमच्याबरोबर वापीला येणार आहेस."

३

शर्ट भरता भरता ओटीवरून हाक आली. "बाई, हायेत का?"

काळ्या होता. कैनाडला त्याची भाजीची वाडी. काशीनाथ नोकरीत असताना तो भाजीच्या पाट्या गाडीत चढवायला स्टेशनात यायचा, तेव्हापासूनची दोघांची दोस्ती. निवृत्तीनंतर काशीनाथ सकाळचे फिरत त्याच्या वाडीवर जात आणि उन्हं वर आली की परत येत. बातमी ऐकून तो अर्धी पाटी टाकून आला होता.

"दादा बरा हाय ना? का तोही गेला मोटारीसारखा?"

"कसली मोटार?"

"वाडीवरची. पाण्याची मोटार. संक्रांतीलाच जळली, बाई. तवापासून शेजाऱ्याकडून पाणी घेतो."

मनोरमाबाई मनातल्या मनात चपापल्या. पाण्याची मोटार हा त्यांचा दुसरा संशय होता. काशीनाथ रोज तिच्या शेजारीच तर बसत! पण संक्रांतीला जळालेली मोटार शिवरात्रीला काय करणार? तिसरा संशय होता मोबाइलवर. मुलगा दर्शनने बापाला नवा फोन घेऊन दिला होता आणि छातीच्या खिशात ठेवू नका म्हणून दहादा बजावलं होतं. बजावायची गरजच नव्हती. फोन कायम फ्रिजवर पडलेला असे, आत्ताही तिथेच होता.

"काळ्या, उचकीवर तू त्यांना रानातला मध दिला होतास ना? त्यानेच थांबली म्हणे."

काळ्या ओशाळला. "मध? त्यानं कुठं खाल्ला? साखरेची तक्रार हाय म्हनला, बाटली मला परत दिली. तुम्ही नाराज व्हाल म्हनून घरी सांगू नको बोलला. मी पोरांना दिला तो."

म्हणजे उचकी मधाने गेली नव्हती. कशानेच गेली नव्हती. लागायला कारण नाही आणि थांबायलाही कारण नाही. आणि उचकी थांबली त्याच आठवड्यात काशीनाथ म्हणायला लागले होते की खांद्याजवळ काहीतरी फडफडतंय. मग खांदा आखडला. आणि आज हात उडाला.

पोट. खांदा. हात.

बाई आत येऊन पलंगावर बसल्या. शर्टांची चळत समोर होती. प्रवासाला चांगला कुठला म्हणून त्या एकेक उलगडायला लागल्या. निळ्या शर्टाचं एक बटण पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं होतं. त्यांनीच शिवलं होतं. चौकडीच्या शर्टाचं एक बटण काळ्या दोऱ्याने. तेही त्यांनीच. पिस्त्याच्या रंगाच्या शर्टाला ते बटण नव्हतंच, नुसता धागा लोंबत होता. त्यांनी तिन्ही शर्ट शेजारी शेजारी अंथरले.

वरून दुसरं बटण. प्रत्येक शर्टाचं, न चुकता, वरून दुसरंच बटण.

"वॉशिंग मशीन बटणं तोडतं, मम्मी," दारातून सोनल म्हणाली. "मी आत्यांना सांगितलं पण होतं."

"मग तिसरं का तोडत नाही? आणि दर्शनच्या शर्टांची बटणं का नाही तुटत?"

बाईंनी पिस्त्याच्या रंगाचा शर्ट स्वतःच्या छातीशी धरला. उजवा हात उचलला आणि बटण नसलेल्या त्या फटीतून हळूच आत सरकवला. बोटं जिथे पोचली ती जागा त्यांनी बघितली, आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून जमनाचा हुंदका. "वहिनी, लवकर या. डॉक्टरांच्या पडद्यावर लाल दिवे लागलेत, दादा परत... वहिनी, मीच मारलं हो त्याला!"

४

काळ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मनोरमाबाई रुग्णालयात पोचल्या. मागून सोनल रिक्षाने आली.

काशीनाथ शुद्धीत होते, पण घामाघूम. त्यांच्या छातीला आणि पाठीला डॉक्टर नीलम यांनी रुंद चिकट पट्ट्या लावल्या होत्या.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "मध्येच ठोके फार खाली गेले. आता बाहेरून ठोका द्यायची सोय केलीय. चटके बसतील त्यांना, पण हृदय चालू राहील. अँब्युलन्स चारोटीजवळ आलीय. दर्शनही तलासरीहून निघालाय."

काशीनाथांनी बायकोकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. "मनो, तोंड का असं केलंयस? मी काही कुठे जात नाही. यांनी चिकटवून ठेवलंय मला."

बाईंनी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, पदर सावरला आणि बाहेर आल्या. बाकावर जमना रडून लाल झाली होती.

"वन्सं, काय म्हणालात तुम्ही फोनवर? सगळं सांगा बघू."

"काय सांगू, वहिनी." जमनाने तोंडाला पदर लावला. "दादा म्हणाला, खांदा आखडलाय. मी रोज तुम्ही अंघोळीला गेलात की तिळाचं तेल कोमट करून चोळत होते. त्या डबीवरूनसुद्धा हात फिरवला. मला काय माहीत, नाजूक असेल म्हणून? आज तो पडला आणि मला तेच आठवलं. माझ्याच हातानं मशीन बिघडलं. मग मी... मग मी त्या पोरीच्या शेगडीवर ढकललं." ती सोनलकडे पाहू शकत नव्हती.

सोनल भिंतीला टेकून उभी होती. ऐकत होती.

"तुम्ही वेवजीहून आलात त्या गुढीपाडव्यानंतर," बाई शांतपणे म्हणाल्या. "आलात तेव्हा खांदा फडफडत होता की नव्हता?"

"होता की. म्हणून तर चोळला."

"मग दुखणं घरात शिरल्यावर तुम्ही आलात. आधी नाही. मशीनवर तेल चोळू नये हे खरं, यापुढे हात लावायचा नाही. पण हे तुम्ही केलेलं नाही."

जमना बघतच राहिली. "मग केलं कोणी?"

"चला आत," मनोरमाबाई म्हणाल्या. "डॉक्टरांसमोर सांगते. चुकत असेन तर त्या थांबवतील."

५

खोली लहान होती. पलंगाभोवती जमना, सोनल आणि काळ्या उभे राहिले. डॉक्टर नीलम पडद्यावरची रेघ बघत होत्या. एक्स-रेवाला आपलं यंत्र ढकलत आत आला आणि काशीनाथांच्या पाठीखाली पाटी सरकवू लागला.

"फोटो तयार होईपर्यंत मला बोलू द्या," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, हे मशीन मिनिटाला किती ठोके देतं?"

"यांचं साठवर लावलंय."

"म्हणजे सेकंदाला एक. आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटाही सेकंदाला एकदाच हलतो. शिवरात्रीला यांना उचकी लागली ती बरोबर त्या काट्याच्या तालात. ती उचकी नव्हतीच, डॉक्टर. तो मशीनचा ठोसा होता. हृदयाला बसायचा तो खाली श्वासाच्या पडद्याला बसत होता. वर्गात मुलांना मी शिकवलंय, स्नायूला वीज लागली की तो आखडतो."

डॉक्टरांची नजर पडद्यावरून बाईंकडे वळली. "पुढे?"

"मग उचकी आपोआप थांबली. मधाने थांबली असं आम्ही समजत होतो, पण यांनी मध खाल्लाच नव्हता."

काशीनाथांनी काळ्याकडे रागाने पाहिलं. काळ्या छताकडे बघू लागला.

"उचकी थांबली आणि खांदा फडफडायला लागला. त्यानंतर आज हात उडाला. ठोसा तोच, जागा मात्र दर वेळी बदललेली, आणि बदलत गेली ती खालून वर. पोटाकडून खांद्याकडे. बाहेरची वस्तू असती, शेगडी, मोटार, फोन, तर ती जवळ असताना त्रास झाला असता आणि लांब गेल्यावर थांबला असता. इथे तर आतलंच काहीतरी चालतंय. मला वाटतं, वायरीचं टोक हृदयातून निसटलंय आणि वरवर सरकत आलंय."

"ते होऊ शकतं," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "माझाही संशय वायरीवरच आहे. पण वायर इतकी वर येण्यासाठी ओढली जायला हवी. ती तर शरीराच्या आत आहे. ओढणार कोण?"

"ओढायची गरज नाही. मशीन फिरवलं तरी पुरे."

बाईंनी काशीनाथांच्या डाव्या खांद्याकडे बोट केलं.

"यांचं वजन गेल्या वर्षात बरंच उतरलं. कातडी सैल झालीय. बसवलं तेव्हा ते मशीन आडवं दिसायचं, आता तिरपं दिसतं. मला वाटलं, बारीक झाले म्हणून तसं दिसत असेल. आणि या घरात एक माणूस आहे जो महिनोन्महिने वरून दुसरं बटण उघडून तिथे हात घालतोय. इतक्या वेळा, की बटणं टिकत नाहीत. मी आपली शिवत बसलेय." त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही मशीनशी खेळता का?"

"मी?" काशीनाथ दुखावल्या स्वरात म्हणाले. "मी कशाला हात लावू त्याला? डॉक्टरांनी सांगितलंय ना, हात लावायचा नाही म्हणून. मी काय लहान आहे?"

आणि हे बोलत असतानाच त्यांचा उजवा हात चादरीखालून निघाला, छातीवरून वर चढला आणि शर्टाच्या फटीतून सराईतपणे आत गेला.

सगळ्यांची नजर त्या हातावर होती. त्यांची सोडून. शेवटी सगळे कुठे बघताहेत म्हणून त्यांनीही खाली पाहिलं, आणि आपलाच हात तिथे बघून ते इतके दचकले की डॉक्टरांनी पुढे होऊन त्यांना धरलं.

"फोटो झाला, मॅडम," एक्स-रेवाला म्हणाला.

डॉक्टरांनी पडद्यावर तो पाहिला आणि बाईंना जवळ बोलावलं. विज्ञान शिकलेल्या नसत्या तरी त्यांना कळलं असतं. मशीनच्या भोवती वायरीचे वेढेच्या वेढे होते, मांजाच्या फिरकीवर असावेत तसे. हृदयात असायला हवं ते टोक गळपट्टीच्या हाडापाशी येऊन अडकलं होतं.

"असे रुग्ण असतात," डॉक्टर म्हणाल्या. "फार नाही, पण असतात. झोपेत, वाचताना, गप्पा मारताना हात जातो आणि मशीन थोडंथोडं फिरत राहतं. त्यांना स्वतःला पत्ताही नसतो. बाई, मी हा फोटो आत्ताच वापीला पाठवते. ते नवी वायर तयार ठेवतील."

६

अँब्युलन्स यायला थोडा अवकाश होता. मनोरमाबाई स्टूल ओढून पलंगाशी बसल्या आणि त्यांनी तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"का हो?" त्यांनी हळूच विचारलं. "खाज यायची का?"

काशीनाथांनी आपल्या त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "हात इतका जातो हे मला खरंच माहीत नव्हतं, मनो. पण कधीकधी मुद्दाम बघायचो. खोटं कशाला बोलू."

"काय बघायचात?"

"आहे ना, ते. पंखा चालू असला की घरघर येते. फ्रिज चालू असला की कळतं. हे मशीन काही बोलतच नाही. सगळा जीव त्याच्यावर, आणि ते चालू आहे की बंद, काही समजत नाही. स्टेशनात सिग्नल दिला की खांबावरच्या दांडीकडे उलटून बघायचो, ती खाली पडली ना म्हणून. बघितल्याशिवाय मला चैनच पडायची नाही." ते थांबले. "आणि तू रोज विचारायचीस, मशीन ठीक आहे ना? मग मी बोटांनी चाचपून बघायचो आणि सांगायचो, ठीक आहे. तुला खोटं सांगायचं नव्हतं मला."

रोज सकाळी चहा देताना, रोज रात्री दिवा मालवताना मनोरमाबाईंनी हा प्रश्न विचारला होता. दर्शन फोनवर विचारायचा, सोनल डबा भरता भरता विचारायची, काळ्या वाडीच्या बांधावर विचारायचा. सगळ्या घराची माया विचारत होती, आणि प्रत्येक वेळी तो प्रामाणिक माणूस हात घालून, बघून, उत्तर देत होता.

"मग गुन्हेगार कोण म्हणायचं आता?" काशीनाथांनी विचारलं. "हात माझा, पण हुकूम तुझा."

"तुम्ही बोलू नका. दम लागेल."

"घाबरायचो मी," ते पुटपुटले. "मरायला नाही. तू एकटी राहशील म्हणून."

बाईंनी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. हात मात्र सोडला नाही. पुढे महामार्गावर, तलासरीच्या चढावर, वापीच्या पुलावर, कुठेच सोडला नाही. अँब्युलन्समधल्या मुलाने सुई लावायला तो हात मागितला, तेव्हा आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागावी तसा त्यांनी त्याच्याकडे कडक कटाक्ष टाकला आणि मग पुढे केला.

वापीला रात्र व्हायच्या आत शस्त्रक्रिया झाली. जुनी वायर काढून नवी बसवली. तिथल्या डॉक्टरांनी या वेळी मशीन कातडीखाली सैल न ठेवता आतल्या स्नायूला टाके घालून पक्कं बांधलं, आणि बाहेर येऊन दर्शनला आणि मनोरमाबाईंना बसवून नीट समजावलं. घरी एक छोटं यंत्र देऊ, ते उशाशी ठेवायचं. मशीन नीट आहे की नाही ते तेच इथे कळवत राहील, काशीनाथांनी चाचपायचं नाही. आणि उचकी असो, फडफड असो, चक्कर असो, हसण्यावारी न्यायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

"आणि आम्ही त्यांना विचारायचं काय?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर हसले. "जेवलात का, असं विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीनाथांना खोलीत आणलं. गालांवर रंग परतला होता. एका बाजूला जमना बसली होती, दुसऱ्या बाजूला सोनल. काल सकाळपासून दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. जमनाने दोनदा तोंड उघडलं होतं आणि दोनदा मिटलं होतं. सोनलने न बोलताच तिच्यासाठी चहा आणून ठेवला होता, तो तसाच थंड झाला होता.

मनोरमाबाई पायाशी उभ्या राहून बघत होत्या. काशीनाथ अर्धवट झोपेत होते. श्वास संथ चालला होता. मग त्यांचा उजवा हात चादरीवरून हलला, सवयीने उठला आणि छातीकडे निघाला.

जमनाने पलंगावरून वाकून झडप घातली. त्याच क्षणी सोनलनेही घातली. हात हवेतच पकडला गेला, जमनाच्या मुठीत सोनलची मूठ आणि तिच्या आत काशीनाथांची बोटं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींपैकी कोणीच सोडेना.

"तू धर, पोरी," शेवटी जमना म्हणाली. "तुझं लक्ष माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"आपण दोघी धरू, आत्या," सोनल म्हणाली.

काशीनाथांनी एक डोळा उघडला, आपल्या हाताची ती अवस्था पाहिली आणि पायाशी उभ्या असलेल्या बायकोला विचारलं, "मनो, मला जामीन कधी?"

"मिळणार नाही," मनोरमाबाई म्हणाल्या. "जेवलात का?"